उतारावरचा गिअर

कॅल्गरीहून निघताना आमच्या काफिल्यात सहा मोटारहोम होती आणि सर्वांत शेवटची गाडी आमची होती. शेवटची, कारण सर्वांत नवखे आम्हीच. बाकीच्या पाच घरांनी कॅनडाच्या रॉकी पर्वतात अनेक उन्हाळे काढले होते. आम्ही मात्र सेकंडहँड गाडी घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि सपाट रस्त्यापलीकडे ती कधी नेली नव्हती.

ज्यांनी मोटारहोम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले हे छोटे घर असते. आमचे पंचवीस फूट लांबीचे आहे. आत गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, दोन पलंग आणि चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखी एक झोपायची जागा. सामान, पाणी, माणसे धरून वजन साडेसहा टनांच्या घरात जाते. पेट्रोल एका लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. अल्बर्टा प्रांतात ही गाडी मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते. परवाना साधा असला तरी गाडी साधी नाही, हे आम्हाला पुढे कळले.

आम्ही दोघे, आमची अकरा वर्षांची मुलगी आणि अब्बा असे चौघे निघालो होतो.

फक्त आराम करा

अब्बा चिपळूणहून आमच्याकडे आले त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. अम्मींचा इंतिकाल झाल्यापासून ते घरात एकटेच होते. वय शहात्तर. बत्तीस वर्षे एसटीत चालक म्हणून काढली, त्यातली निम्म्याहून अधिक कुंभार्ली घाटात, चिपळूण-कराड मार्गावर. सहा महिन्यांसाठी या, असे आम्ही फार विनवले तेव्हा कुठे विमानात बसले.

आल्यावर त्यांना कशाचाही त्रास होऊ नये म्हणून आम्ही जपत होतो. त्यांनी भांडी विसळायला घेतली की आम्ही हातातून काढून घ्यायचो. बाजाराला येऊ का म्हणाले तर, "थंडी आहे, अब्बा, तुम्ही फक्त आराम करा." महिन्याभरात ते खिडकीपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बस मोजू लागले. एकदा जेवताना म्हणाले, "हितं माझं काम काय?" आम्ही हसून म्हणालो, "काम काय करायचंय आता? आराम करा." ते पुढे काही बोलले नाहीत. आम्हाला वाटले, विषय संपला.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात सहाही घरे एका अंगणात जमली. प्रवासाला तिघे निघाले तरी एकाला अमीर नेमावे ही आपल्याकडची शिकवण. या मंडळींनीही तेच केले. काफिल्याचे पुढारीपण सत्तरीच्या एका सरदारजींकडे गेले. तीस वर्षे ट्रकवर काढलेला माणूस. त्यांनी प्रत्येकाला बावीस कलमांची यादी दिली. टायरची हवा, गॅसची टाकी, गाडीची उंची कागदावर लिहून काचेला चिकटवणे, कपाटांच्या कड्या, बाहेर काढलेली पायरी आत घेणे असे एकेक कलम. अठरावे कलम होते, उतारावर 'टो-हॉल'चे बटण चालू ठेवा. गिअरच्या दांड्याच्या टोकाला हे बटण असते. ते दाबले की ऑटोमॅटिक गाडीसुद्धा उतारावर आपणहून खालच्या गिअरमध्ये येते आणि इंजिन गाडीला धरून ठेवते. आम्ही ते कलम वाचले, त्यापुढे बरोबरची खूण केली आणि यादी खणात ठेवली.

अब्बा कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. सरदारजींनी हिंदीत विचारले, "आप क्या करते थे?" अब्बांनी उत्तर देण्याआधी आम्हीच म्हणालो, "रिटायर आहेत."

अस्वल आणि बोंबील

पहिला मुक्काम लेक लुईसला होता. कॅल्गरीपासून साधारण १८५ किलोमीटर. बॅन्फ हे कॅनडातले पहिले राष्ट्रीय उद्यान, त्याची सुरुवात १८८५ची. लेक लुईस त्याच उद्यानात येते. ग्रिझली अस्वलांचा हा मुलूख. म्हणून मोटारहोमसारख्या पक्क्या भिंतींच्या गाड्यांसाठी तळाचा वेगळा भाग आहे आणि तंबूंच्या भागाला विजेचे कुंपण. नियम कडक असतो. वास येणारी कोणतीही वस्तू बाहेर ठेवायची नाही. खरकटे ताट नाही, साबण नाही, रिकामे भांडेसुद्धा नाही.

अब्बांनी चिपळूणहून सुके बोंबील आणले होते. हलाल गोश्त आम्ही कॅल्गरीतून बर्फात घालून घेतले होते, पण पहिल्या रात्री त्यांनी बोंबील मागितले. आम्ही खिडक्या लावून, पंखा बंद करून ते तळले. पाच मिनिटांत शेजारच्या गाडीतल्या बाई दार ठोठावत आल्या. काही जळते आहे का, असा त्यांचा काळजीचा प्रश्न. मुलीने त्यांना एक तुकडा चाखायला दिला. त्यांनी तो खाल्ला, पाणी मागितले आणि दुसरा तुकडाही घेतला. अस्वल मात्र आले नाही. अब्बा म्हणाले, "वासानंच पळालं आसंल."

जुलैत तिथे रात्री पावणेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो. इशा होईपर्यंत मध्यरात्र होते. आम्ही शाफई. प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र, कस्र करून पढण्याची सवलत इथे फार मोलाची वाटली. चिपळूणला आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड केलेले अब्बा इथे उत्तर-ईशान्येकडे उभे राहिले. "जग गोल हाय, शाळेत सांगायचे," म्हणाले, "आज पटलं."

तळाच्या कडेनेच रेल्वेचा रूळ जातो. रात्रभर लांबच लांब मालगाड्या गेल्या. आमची झोप मोडली, अब्बांची नाही. सकाळी त्यांनी विचारले, "ही गाडी कुठला घाट उतरते?"

डोंगरात वळणारी रेल्वे

त्या प्रश्नाचे उत्तर पाहायला दुसऱ्या दिवशी सगळा काफिला पश्चिमेला किकिंग हॉर्स खिंडीपलीकडे गेला. १८८४ साली इथे रेल्वे घातली तेव्हा पैसे आणि वेळ वाचवायला रूळ सरळ खाली उतरवले. शंभर मीटरला साडेचार मीटर असा तो उतार. रेल्वेच्या हिशेबात ही जीवघेणी गोष्ट. त्याच वर्षी बांधकामाची गाडी ताब्यातून सुटली आणि तीन माणसे मेली. मग सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवण्यासाठी जागोजागी आडमार्ग काढले, तिथे माणसे बसवली. पंचवीस वर्षे हे असेच चालले. अखेर १९०९ साली दोन डोंगरांच्या पोटात गोल वळणारे बोगदे खोदले. रूळ लांबले, उतार निम्मा झाला.

पाहण्याच्या जागेवरून आम्हाला एक मालगाडी दिसली. तिचे इंजिन बोगद्यातून बाहेर पडले तेव्हा शेपूट अजून वरच्या तोंडातून आत शिरत होती. एकाच गाडीचे दोन भाग एकावर एक, उलट्या दिशांना चाललेले. सगळे फोटो काढत होते. अब्बा नातीला सांगत होते की आपल्या खंडाळ्याच्या घाटातही असे आडमार्ग आहेत, खाली उतरणारी गाडी आधी थांबून ब्रेक तपासते, मगच पुढे जाते. "चढायला काय, इंजिन चढवतं. उतरवावं लागतं ते ड्रायव्हरला." आम्ही ऐकले, पण ते मुलीसाठी चाललेले बोलणे होते. आम्ही फोटो काढत राहिलो.

वर जाताना

तिसऱ्या दिवशी आइसफील्ड्स पार्कवे. लेक लुईसहून जास्परपर्यंत सुमारे २३० किलोमीटरचा हा रस्ता. १९३१मध्ये, मंदीच्या काळात, बेकार हातांना काम म्हणून तो सुरू झाला आणि १९४०मध्ये खुला झाला. मालट्रकांना इथे बंदी आहे. बहुतेक वाटेवर फोन लागत नाही. मध्ये पेट्रोल एकाच ठिकाणी, सॅस्कॅचवान क्रॉसिंगला. म्हणून सहाही गाड्यांत वॉकीटॉकी होते.

बो शिखरखिंड २,००० मीटरहून उंच. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही वर आमचे घर चाकांवर चढले. पेटो तलावाचे पाणी निळीने ढवळल्यासारखे दिसते. हिमनदी खडक घासते, त्याचे पिठासारखे बारीक कण पाण्यात तरंगतात आणि प्रकाश विखुरतात, त्याचा तो रंग.

क्रॉसिंगच्या पुढे बिग बेंड नावाचे प्रचंड वळण आहे. तिथून रस्ता डोंगराच्या अंगावरून एकदम वर उठतो आणि सनवाप्टा खिंडीला, २,०३५ मीटरवर पोचतो. इंजिन ओरडत होते. आम्ही टो-हॉलचे बटण दाबले होते, गाडी खालच्या गिअरमध्ये चढत होती. मागच्या बाकावर पट्टा बांधून बसलेले अब्बा हलक्या आवाजात "अल्लाहु अकबर" म्हणत होते. चढताना तकबीर आणि उतरताना "सुब्हानल्लाह" ही मुसाफिराची सुन्नत त्यांनी घाटातही सोडली नव्हती. मध्येच ते बोटांवर काहीतरी मोजत होते. आम्हाला वाटले, तसबीह चालली आहे.

वर अथाबास्का हिमनदी आहे. ती गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली. पायवाटेवर सालांचे फलक लावले आहेत, त्या-त्या साली बर्फाची कड कुठे होती ते दाखवणारे. आपल्या जन्मसालाच्या जवळच्या फलकापाशी प्रत्येक जण थांबतो. तिथून बर्फापर्यंत चालत गेले की वयाचा हिशेब पायांना कळतो.

जास्परला आम्ही तीन रात्री राहिलो. जुलै २०२४च्या वणव्यात त्या गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या. डोंगरच्या डोंगर काळ्या खांबांचे दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी जांभळी फुले आलेली. आमच्या तळावर नळ नव्हता, टाकीत नेले तेवढेच पाणी. पहिल्याच दिवशी आम्ही निम्मी टाकी संपवली. वुजूसाठी आम्ही नळ सोडायचो, अब्बांना एक लोटा पुरायचा, त्यातही घोटभर उरायचे. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे वुजू लोट्याने झाले. सांडपाण्याची आणि मैल्याची टाकी भरली की हातमोजे घालून, जाड नळी लावून ती ठराविक जागी रिकामी करावी लागते. अब्बा मदतीला आले. आम्ही म्हणालो, "तुम्ही राहू द्या."

खाली येताना

परतीच्या दिवशी आम्ही पुन्हा हिमनदीपाशी चहाला थांबलो. इंजिन बंद केले, नाश्ता झाला, सुरू केले, निघालो. आमच्या गाडीत इंजिन बंद झाले की टो-हॉलचे बटण आपोआप बंद होते. हे आम्हाला माहीत नव्हते आणि निघताना आम्ही यादी खणातून काढली नाही.

खिंडीनंतर उतार लागला. हवा स्वच्छ, समोर सगळी दरी उघडी. गाडी धावू लागली तसा आम्ही ब्रेकवर पाय ठेवला, आणि तो ठेवूनच राहिलो. वेग बरा होता, म्हणून भीती वाटली नाही. दोन-तीन किलोमीटर असेच गेले. मग वास आला. आम्ही एकमेकांना विचारले, शेगडी चालू राहिली का? पुढच्या गाडीतून वॉकीटॉकीवर आवाज आला, तुमच्या पुढच्या चाकातून धूर दिसतो आहे. आम्ही ब्रेक जोरात दाबला. पाय नेहमीपेक्षा खोल गेला आणि गाडी जेमतेम हटकली. पुढे बिग बेंडचे वळण दिसत होते.

त्या क्षणी मागून आवाज आला. अब्बांचा असा आवाज आम्ही लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"ब्रेक सोड. गिअर खाली टाक."

उतारावर, दरीकडे तोंड करून, ब्रेक सोडायचा. पाय ऐकत नव्हता.

"सोड म्हणतो ना! गिअर टाक."

आम्ही गिअरचा दांडा खाली ओढला. इंजिन किंचाळले, कपाटातली भांडी खडखडली, आणि साडेसहा टनांचे घर कुणीतरी मागून धरावे तसे आवळले गेले. "आणखी एक," अब्बा म्हणाले. आणखी एक गिअर खाली. "आता दाब. जोरात. सोड. आता हवा लागू दे त्यांना. पुन्हा दाब. सोड." मध्ये मध्ये त्यांचे "सुब्हानल्लाह" चालू होते. वळणापाशी रुंद जागा होती, तिथे गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जाऊन थांबली.

खाली उतरलो तेव्हा गुडघे थरथरत होते. पुढची चाके जवळ जाववत नव्हती इतकी तापली होती. काफिल्यातला एक तरुण बाटलीभर पाणी घेऊन धावला. अब्बांनी हात आडवा धरला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले तर ते तडकते, हे त्यांनी हिंदीत सांगितले आणि सरदारजींनी मान हलवली. अब्बांनी आमच्याकडून रबरी पाचरी मागून घेतल्या, स्वतः वाकून चाकांना लावल्या आणि म्हणाले, "तासभर कोणी हात लावायचा नाय."

सहाही गाड्या तासभर थांबल्या. कुणी आम्हाला बोल लावला नाही. बोंबील खाल्लेल्या बाईंनी चहा केला.

मुलगी म्हणाली, "दादांनी मला जाताना सांगितलं होतं. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ते मोजत होते."

म्हणजे बोटांवर तसबीह नव्हती. चढताना गाडीने किती वेळा गिअर पाडला ते आवाजावरून मोजून ठेवले होते, उतरताना लागेल म्हणून.

आम्ही विचारले, "अब्बा, तुम्हाला निघाल्यापासून कळत होतं, की आम्ही चुकीचं चालवतोय?"

"खिंडीतनंच."

"मग बोलला का नाही?"

अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. "गाडी तुमची. घर तुमचं. मला सांगितलंत, आराम करा. मी आराम करत होतो."

रागाने नाही म्हणाले. म्हणूनच आम्हाला उत्तर देता आले नाही. आणखी अर्धा मिनिट त्यांनी आमचा शब्द पाळला असता तर काय झाले असते, ते त्या वळणाकडे पाहून दिसत होते. चूक आमचीच होती, बटणाचीही आणि त्या शब्दाचीही.

पुढची जागा

तिथून निघताना अब्बा चालकाशेजारी बसले आणि आमच्यातला एक मागच्या बाकावर गेला. सरदारजींनी काफिल्याचा क्रम बदलला. आमची गाडी पुढे घेतली आणि वॉकीटॉकीवर सांगितले की उतारावर वेग बुजुर्ग ठरवतील, बाकीचे मागे राहतील. बो शिखरखिंडीच्या अलीकडे अब्बांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, चाकांपाशी हात नेऊन उष्णता पाहिली आणि मगच चला म्हणाले. पार्कवेवर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे. आम्ही उतारावर पन्नासने आलो. पाचही गाड्या निमूट मागे होत्या.

त्या रात्री लेक लुईसच्या तळावर आमच्या गाडीबाहेर खुर्च्या मांडल्या गेल्या. सरदारजी आणि अब्बा दोघेही घाटातले. एकाचा बर्फ, दुसऱ्याचा पाऊस. अब्बा सांगत होते, कुंभार्लीत जुलैच्या धुक्यात दिवे लावूनही पुढचे दिसत नाही तेव्हा कंडक्टर कसा दाराशी उभा राहून कड्याचे अंतर सांगायचा, आणि एसटीत पन्नास माणसे झोपलेली असताना झोप उडवायला चालक काय काय करतो. सरदारजी ते इंग्रजीत करून सांगत होते. हसण्याच्या जागी सगळे थोडे उशिरा हसत होते. आम्हीही त्यातल्या बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच ऐकत होतो. बत्तीस वर्षे त्यांनी गाडी चालवली हे आम्हाला ठाऊक होते. कशी चालवली ते आम्ही विचारले नव्हते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज परदेशात, नाही तर पुण्या-मुंबईत आहेत आणि आईवडील काही महिने त्यांच्याकडे जाऊन राहतात. मोटारहोम घेऊन डोंगरात जाणारे त्यांत थोडेच असतील. ज्यांना जायचे असेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: निघण्यापूर्वी यादी प्रत्येक थांब्यावर पुन्हा वाचावी, उताराआधी गिअर खाली घ्यावा, ब्रेक दाबून ठेवू नये, दाबावा आणि सोडावा, आणि तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये. बाकीच्यांसाठी आमच्याकडे सांगण्यासारखे थोडेच आहे. आम्ही अब्बांची फार काळजी घेत होतो. त्या काळजीत त्यांच्या हातातले सगळे काम आम्ही काढून घेतले होते.

अब्बा अजून दोन महिने इथे आहेत. भांडी तेच विसळतात. शनिवारी बाजाराला आधी तेच तयार होऊन बसतात. गाडीचे तेल, हवा, पाचरी यांची जबाबदारी त्यांनी घेतली आहे आणि सरदारजींच्या यादीत तेविसावे कलम नातीकडून मराठीत लिहून घेतले आहे. देवनागरी लिहायला ती याच निमित्ताने शिकली. अक्षर अजून वाकडे आहे, 'गिअर'मधला 'र' चुकून रफार होऊन 'अ'वर चढला आहे. अब्बा म्हणतात, वाचता येतंय ना, मग राहू दे.